चार अहवाल, एक पातेलं

आमच्या वरच्या मजल्यावरच्या कुटुंबात सध्या कुणीही दुसऱ्याच्या ताटातलं जेवत नाही. ठाण्यातल्या मध्यमवर्गीय घरात माणशी एक मोबाइल आला, तेव्हाच पुढचं ओळखायला हवं होतं. आता माणशी एक आहार आलाय. आजोबांच्या दंडावर रुपयाएवढं यंत्र चिकटलंय, ते चौदा दिवस त्यांच्या साखरेचा आलेख काढतं. मुलाने लाळ पाठवून जनुकं तपासून घेतली. सूनबाईंनी आतड्यातल्या जिवाणूंची खानेसुमारी करवली; त्यासाठीच्या डबीत नेमकं काय असतं हे कुरिअरवाल्याला ठाऊक नाही आणि ते कळू नये अशी सोसायटीची इच्छा आहे. नातू एमबीए करतोय, त्याला ॲप पुरतं.

अर्धे पोहे खाऊन झाले की आजोबा मोबाइल उघडून बसतात आणि सेन्सेक्स वाचावा तसे ओरडतात, "एकशे ब्याऐंशी!" मग जेवणाच्या टेबलाभोवती फेऱ्या. दहा फेऱ्यांनी आकडा उतरला की उरलेले पोहे.

अहवाल आले. मुलाचा गुळगुळीत कागदावर, पहिल्या पानावर त्याचं नाव सोनेरी अक्षरांत. सार असं: साखर कमी करा, तळलेलं टाळा, भाज्या वाढवा, चाला, वेळेवर झोपा. जिवाणूंचा कौलही तोच. त्यांनी फक्त ताकाला 'प्रोबायोटिक' म्हटलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये १७ मार्गदर्शक तत्त्वं छापून साधारण हेच सांगितलंय. पण ती फुकट आहेत आणि त्यांच्यावर कुणाचं नाव नाही, त्यामुळे ती आपल्याला लागू नाहीत.

कल्पना मात्र अगदीच खुळी नाही. इस्रायलच्या वाइझमन संस्थेने २०१५ मध्ये ८०० माणसांची साखर जेवणागणिक तपासली. तोच पदार्थ खाऊन एकाची साखर उसळली, दुसऱ्याची ढिम्म हलली नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा 'लॅन्सेट'मधला २००४ चा फोटो तर जगभर गाजला. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, आपल्या डॉक्टरांच्या २१.२. तेव्हा साहेबाच्या मापाचा तक्ता आपल्याला होत नाही, हे कबूल. म्हणून प्रत्येक फ्लॅटमध्ये चार तक्ते? स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ६०९ जणांना वर्षभर पारखलं, निष्कर्ष २०१८ मध्ये छापले. कमी चरबीचा आहार कुणाला मानवेल आणि कमी पिष्टाचा कुणाला, हे जनुकांवरून सांगता येईना. दोन्ही गटांचं वजन सरासरी पाच-सहा किलोंनी उतरलं; साखर आणि मैदा कमी करून भाज्या खा हे दोघांनाही बजावलं होतं. मुलाच्या अहवालात हे पान नाही. बहुधा बाइंडिंग करताना गळलं.

आता अर्थकारण. २०२३ च्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १० कोटींवर मधुमेही आणि १३.६ कोटी उंबरठ्यावर. डॉक्टर याला संकट म्हणतात, स्टार्टअपवाले बाजारपेठ. आज तपासणीवर घाला, उद्या ॲन्जिओप्लास्टीचे वाचतील, हा त्यांचा हिशेब. हिशेब चोख आहे, फक्त भाकऱ्या कुणी थापायच्या हा रकाना त्यात नाही.

तो रकाना स्वयंपाकाच्या मावशींनी भरला. आजोबांना ज्वारी, मुलाला ग्लुटेन नको म्हणून नाचणी, सूनबाईंची भाजी बिनकांद्याची, नातवाची अंडी वेगळ्या तव्यावर. तीन दिवस त्यांनी हे निमूट केलं. चौथ्या दिवशी हात पुसत म्हणाल्या, "ताई, चार माणसांचा स्वयंपाक वेगळा आणि चार स्वयंपाक वेगळे. मी चार घरं धरते." व्यक्तिगत आहाराचं इतकं नेमकं मूल्यमापन कुठल्या सल्लागार कंपनीने केलेलं माझ्या तरी वाचनात नाही.

मावशींची भाची मोखाड्याकडे अंगणवाडी सेविका आहे. तिच्याकडेही दंडावर लावायचं साधन आहे: हिरवा, पिवळा, लाल अशा तीन रंगांची फीत. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरला की लाल, म्हणजे पोर अतितीव्र कुपोषित. लाळ नको, कुरिअर नको, सोनेरी अक्षरं नकोत. पुढचा आहारही पोराच्या तब्येतीप्रमाणे. केंद्र सरकारने सप्टेंबर २०१७ मध्ये मंजूर केलेला दर साध्या पोराला दिवसाला ८ रुपये, अतितीव्र कुपोषिताला १२. आजोबांच्या दंडावरचं एक यंत्र जेवढ्याला पडलं, तेवढ्यात आठ रुपयांवाल्या पोराचं वर्ष निघतं. हे मी बोलून दाखवलं. आजोबा त्या वेळी फेऱ्या मारत होते.

नातवाने मात्र मावशींच्या मोबाइलवरचा फितीचा फोटो बोटांनी मोठा करून नीट निरखला.

"आयडिया भारी आहे," तो म्हणाला, "पण यात मासिक वर्गणी कुठे लावणार?"