काकांच्या वाटण्या

हॅरोच्या काकांकडे चहाला जाणाऱ्याने एक पथ्य पाळावं. "घर छान उबदार आहे हो," असं चुकूनही म्हणू नये. म्हटलंत की काका तुम्हाला कपबशीसकट जिना चढवतात, एअरिंग कबर्ड उघडतात, टॉवेलांची चळत बाजूला सारतात आणि बारशाला बाळ दाखवावं तसा एक पांढरा डबा दाखवतात. "वायरिंग सेंटर. स्वतः केलंय."

इंग्लंडातल्या जुन्या घरात बॉयलर एकच. तोच रेडिएटर तापवणार, तोच तांब्याच्या टाकीतलं आंघोळीचं पाणी. काकांकडे तर रेडिएटर लावले की टाकीही तापायची. कुणी आंघोळ करो न करो, पाणी चटका बसेल इतकं कढत. "एकत्र कुटुंबात असंच होतं," काकांनी निकाल दिला. "वाटण्या करून टाकू."

गॅसच्या कामाला गॅस सेफ नोंदणीचा माणूसच लागतो. झडपा प्लंबरने बसवल्या, एक रेडिएटरकडे, एक टाकीकडे. उरल्या तारा. त्या मात्र काकांनी कुणाला शिवू दिल्या नाहीत.

"हे बघ," मंडळाच्या गणेशोत्सवाच्या पत्रिकेमागे आकृती काढत काका सांगतात, "एकेका झडपेला पाच तारा. खोली गार पडली की थर्मोस्टॅट तपकिरी तारेत वीज सोडतो. झडप सावकाश उघडते. पुरती उघडली की आतलं बटण दाबलं जातं, आणि मग नारिंगी तार बॉयलरला न् पंपाला सांगते, चला, पानं वाढा! तोवर बॉयलर पेटायचा नाही."

"आमच्याकडचा न सांगताच पेटतो," काकू खालून म्हणतात.

घरातल्या जुन्या तारा लाल-काळ्या, 2004 नंतर आलेल्या तपकिरी-निळ्या. घोटाळा नको म्हणून काकांनी प्रत्येक तारेला चिठ्ठी चिकटवली आहे : 'न्हाणी', 'बैठक', 'बॉयलर', 'हात लावू नये'. उद्या एखादा गोरा इलेक्ट्रिशियन आला तर आधी त्याला बाराखडी शिकवावी लागेल.

उद्‌घाटनाला मुहूर्त नरक चतुर्दशीचा. पहाटे साडेचारला पाणी तापायला लागणार, साडेपाचला अभ्यंगस्नान. उटणं लावून, तेल चोपडून आम्ही रांगेत उभे. काकांनी नळ सोडला आणि किंचाळले. पाणी बर्फ! रेडिएटर मात्र असे तापलेले की वर वाळत घातलेला पंचा कडक झाला होता. 'न्हाणी'ची तार बैठकीच्या झडपेला गेली होती. टाकी तापेना म्हणून टाकीचा थर्मोस्टॅट 'पुरे' म्हणेना, आणि तो पुरे म्हणेना म्हणून रेडिएटर थांबेनात. नरकासुर मेला तो घामाने.

दुपारपर्यंत काकांनी तारांची अदलाबदल केली. तेव्हापासून न्हाणी वेगळी, बैठक वेगळी. कुणाचं कुणावाचून अडत नाही. फक्त दोन्हींच्या किल्ल्या काकांकडे. खोली 18 अंश, टाकी 60, "त्याखाली पाण्यात जंतू वाढतात." पाणी सकाळी एक तास. दहा वाजता कुणी आंघोळीला निघालं की काका घड्याळाकडे बघतात.

तरीही काकू रोज अकराला, पूजेआधी, वाफाळत्या पाण्याने न्हातात. टाकीच्या पोटात विजेवर चालणारी एक कांडी असते, इमर्शन हीटर, तीन किलोवॉटची. तिचं बटण त्याच कपाटात, डब्यापासून हातभर अंतरावर, टॉवेलांच्या चळतीमागे. काका दहाला वाचनालयात गेले की काकू ते दाबतात.

काका सध्या विजेचं बिल का वाढलं याचा तक्ता करताहेत. फ्रिज, टीव्ही, केटली, सगळे संशयित तपासून झाले आहेत. त्यांच्याकडे चहाला गेलात, तर टॉवेल पुन्हा जागेवर ठेवायला विसरू नका.