ड्रिलवाले काका

बदलापूर पश्चिमेला आमच्या सोसायटीत येऊन वॉचमनला कुणाचं आडनाव विचारलंत तर तो आधी फ्लॅट नंबर विचारेल. "ड्रिलवाले काका" म्हणालात, तर खुर्चीतून न उठता तिसऱ्या मजल्याकडे बोट दाखवेल. काकांचं खरं आडनाव दारावरच्या पितळी पाटीवर आहे. ती पाटी त्यांनी स्वतःच बसवलीय आणि लेव्हल लावून बसवलीय. फक्त वाचायची वेळ अजून कुणावर आलेली नाही.

काका अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत मशिनिस्ट होते. इंचाचा हजारावा भाग म्हणजे 'थाऊ', आणि दोन थाऊंचा फरक म्हणजे फरकच, अशा वातावरणात हयात गेलेली. निवृत्त होऊन ते या फ्लॅटमध्ये आले आणि हॉलच्या खिडकीला पडदा लावायचं ठरलं. दोन ब्रॅकेट, चार भोकं. सुताराने दोनशे रुपये सांगितले.

"पन्नास रुपये भोक?" काका म्हणाले. "त्यापेक्षा मशीनच घेऊ. वस्तू आपली होईल."

त्याच दुपारी ते लोकलने उल्हासनगरला गेले. फाळणीनंतर लष्कराच्या रिकाम्या छावण्यांत आलेल्या सिंधी निर्वासितांनी उभं केलेलं हे शहर. १९४९ साली त्याला उल्हासनगर नाव मिळालं, तरी पत्ता सांगताना लोक अजून कॅम्पचा नंबरच सांगतात. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद गिऱ्हाइकाने करायच्या आत दुकानदारच करून मोकळा होतो, म्हणजे घासाघिशीला वेळ उरतो. काकांनी दोन हजारांचं मशीन चौदाशेला आणलं. सहाशे रुपये वाचवल्याचा आनंद त्यांना अंबरनाथ स्टेशन येईपर्यंत पुरला. तिथे गाडी थांबली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की काँक्रीटचं बीट घ्यायचं राहिलं.

मग बीट आलं. काँक्रीटचं चालतं ते लाकडाला चालत नाही, लाकडाचं लोखंडाला चालत नाही, म्हणून तीन जातींची आली. भोकात ठोकायला गिट्ट्या आल्या, गिट्टीत पिळायला स्क्रू आले. मशीनची वायर खिडकीपर्यंत पोहोचेना म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड आला. स्टुलावर चढून काकांचा हात पोहोचेना म्हणून अॅल्युमिनियमची शिडी आली. ती लोकलमध्ये चढवू देईनात म्हणून टेम्पो आला, आणि टेम्पोवाल्याने सुताराच्या दुप्पट पैसे घेतले. शिडी ठेवायला जागा एकच, दाराच्या मागे. त्यामुळे काकांचं दार तेव्हापासून अर्धंच उघडतं आणि त्यांच्याकडे पाहुणा आडवा होऊन आत शिरतो. काकू हिशेबाला पक्क्या. त्यांनी सगळ्या खर्चाला चारने भागलं आणि आलेला आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवला. दुधाच्या खाड्यांच्या शेजारी तो बरेच दिवस होता.

पण खरा खर्च पुढेच होता. सोसायटीत मशीन आल्याची बातमी पहिल्याच भोकाच्या आवाजाने सगळ्या मजल्यांवर पोहोचली. संध्याकाळी चौथ्या मजल्यावरचे आले. "काका, पाच मिनिटं मशीन द्याल? गणपतीचा फोटो लावायचाय." काकांनी दिलं. मशीन तिसऱ्या दिवशी परत आलं ते कार्बन जळून आणि बीट आवळायची चक चावी हरवून. शेजाऱ्यांनी लाकडाचं बीट लावून बीममध्ये भोक पाडायचा प्रयत्न केला होता. "तुमचं मशीन जरा कमजोर आहे हो," असंही वर सांगून गेले.

त्या दिवशी काकांनी नियम केला: मशीन जाईल तिथे मी जाईन. चक चावी सुतळीने वायरला बांधली. आता मशीन मागायला कुणी येत नाही, काकांनाच बोलावतात. काका जातात, आधी भिंतीवर टकटक करून बीम ओळखतात, पेन्सिलने खूण करतात, "दोन सूत वर घेऊ का?" असं घरातल्या बाईंना विचारतात. त्या "तुम्हाला योग्य वाटेल तसं" म्हणतात आणि काम झाल्यावर "जरा खालीच हवं होतं" म्हणतात. दुपारी दोन ते चार बाळं झोपतात, तळमजल्यावरचे नाईट शिफ्टवाले सकाळी झोपतात, दहावीची पोरगी संध्याकाळी अभ्यासाला बसते. कुणाच्या घरी कुठल्या वेळी भोक पाडता येईल, याचं वेळापत्रक रेल्वेच्या वेळापत्रकाइतकंच काकांना पाठ आहे. लाईट गेली की तेवढीच त्यांची विश्रांती.

एकदा बाथरूमच्या भिंतीत पाइप लागला. कारंजं छतापर्यंत गेलं. शेल्फ नीट बसलं की भिंत चांगली असते आणि पाणी आलं की मशीन काकांचं असतं. प्लंबरचे पैसे काकांनीच दिले.

२०१९च्या जुलैत उल्हास नदीला पूर आला, महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली, तेव्हा आमच्याही पार्किंगमध्ये पाणी शिरलं. लोक सोनं आणि कागदपत्रं घेऊन वर धावत होते. काका शिडी घेऊन खाली धावले, कारण तळमजल्याच्या चार घरांना सामान माळ्यावर टाकायचं होतं. पाणी ओसरल्यावर गाळ काढायला एक दिवस लागला, काकांना मात्र पुढचे आठ दिवस लागले. प्रत्येकाला शेल्फ, देव्हारा आणि मीटरचा बोर्ड पूर्वीपेक्षा दोन फूट वर हवा होता.

कंटाळले की काका अंबरनाथच्या शिवमंदिराचा दाखला देतात. तिथला शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा. "एवढं कोरलं, पण कुणी शेजारी ड्रिल मागायला गेला नाही," ते म्हणतात. मी म्हटलं, "पण काका, आज त्याला पुरातत्त्व खात्याचा माणूस ठेवावा लागतोच ना?" काका गप्प झाले. मग म्हणाले, "त्याला पगार तरी असेल."

आमच्या गावाचं नाव घोडे बदलण्याच्या जागेवरून पडलं असं सांगतात. इथे स्वार यायचा, दमलेला घोडा सोडायचा, ताजा घ्यायचा आणि निघून जायचा. चंदी, वैरण, खरारा हे सगळं मागे राहणाऱ्याच्या गळ्यात. आमच्या सोसायटीतले बत्तीस फ्लॅट म्हणजे स्वार, आणि मागे राहणारे एकटे काका.

म्हणून मागच्या वार्षिक सभेत मीच मुद्दा मांडला, की सोसायटीने मशीन आणि शिडी विकत घ्यावी. सभा एकदम जागी झाली. "ठेवणार कुठे?" "चावी कुणाकडे?" "बिघडलं तर मेंटेनन्समध्ये वाढ?" "काही लागलं तर जबाबदार कोण?" मालकीत एवढे प्रश्न असतात हे बत्तीस जणांना तोंडपाठ होतं. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, "काकांकडे आहे ते काय वाईट आहे?" ठराव टाळ्यांनी बारगळला. काका मागच्या रांगेत होते. रागावले असतील म्हणून मी वळून पाहिलं, तर गडी चक्क खुशीत होता.

त्या खुशीचा अर्थ मला परवा कळला. नवीन भाडेकरूने त्यांना विचारलं होतं, "एका भोकाचे किती घेता?" काकांनी भोक पाडून दिलं, पण दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मी समजूत काढायला गेलो आणि आडवा होऊन आत शिरलो. हॉलमध्ये ऊन थेट टीव्हीवर येत होतं. खिडकीला पडदा होता, पण दोन खिळ्यांना बांधलेल्या सुतळीवर, मधोमध झोळीसारखा लोंबणारा.

"हे काय, काका? चार भोकं पाडली होती ना?"

"दोन झाली," काकू आतून म्हणाल्या. "तेवढ्यात बेल वाजली."

"तिथे बीम आहे," काका म्हणाले. "घाईचं काम नाही. येत्या रविवारी निवांत..."

बेल वाजली. काका उठले, आणि चपला घालण्याआधी त्यांनी चक चावी चाचपून पाहिली.