एकदम शांत आहे, साहेब

"एकत्र चालतील ना?"

"बिनधास्त न्या. एकदम शांत आहे, साहेब," दुकानदार म्हणाला आणि पिशवीत हवा भरून त्याने रबर आवळलं.

हा प्रश्न मी त्याला आजवर सात-आठ वेळा तरी विचारला असेल. दर वेळी मासा वेगळा, उत्तर तेच.

आमची टाकी दोन बाय एक बाय एक फुटांची, म्हणजे काठोकाठ भरली तर पन्नासेक लिटरची. हालचाल हवी, हाणामारी नको, एवढीच माझी मागणी. पहिला महिनाभर टाकीत दोन्ही नव्हतं, कारण मासेच नव्हते. माशांच्या घाणीतून होणारा अमोनिया माशांनाच मारतो, आणि तो पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यांना खुराक म्हणून मी रोज सकाळी चिमूटभर खाद्य रिकाम्या पाण्यात टाकत होतो. हळदीकुंकवाला आलेल्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी हे पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि बायकोला हळूच विचारलं, "मिस्टर बरे आहेत ना गं?"

मग आले दोन एंजल आणि तीन टायगर बार्ब. एंजल चालतो तो नऊवारी सावरत चालल्यासारखा. पोटाखाली दोन लांब धागे लोंबत असतात. बार्बनी ते धागे पहिल्याच संध्याकाळी हेरले. दुसऱ्या दिवशी एका एंजलचा एकच धागा उरला होता. "तीनच आहेत म्हणून दुसऱ्यांच्या वाटेला जातात," मासे पाळण्यात केस पांढरे केलेल्या एका शेजाऱ्यांनी सांगितलं. "आठ-दहा ठेव, मग आपापसांत भांडत बसतील." हे खरं आहे, आणि सोसायटीच्या वार्षिक सभेला एकदा तरी बसलेल्या माणसाला ते वेगळं समजावून द्यावं लागत नाही. पण पन्नास लिटरमध्ये दहा बार्ब म्हणजे ती सभा आपल्याच न्हाणीघरात भरवणं. बार्ब परत केले.

त्यांच्या जागी दहा निऑन टेट्रा आले. अंगावर निळी झगझगीत रेघ, मागचा अर्धा भाग लाल. मेलेला मासा एकदाही दिसला नाही, पण बाबांची मोजणी दहावरून नवावर आली, मग आठावर. बाबा बँकेतून रोखपाल म्हणून निवृत्त झालेले. तूट त्यांना झोपू देत नाही. "फिल्टरमागे बघ. झाडात बघ." सातवा गेला त्या दिवशी मी वेळेवर पोचलो : एंजलच्या तोंडातून निळी रेघ अर्धी बाहेर होती. दोघांचंही माहेर ॲमेझॉनचं खोरं, आणि तिथेही नातं हेच आहे, एक जेवणारा आणि दुसरा जेवण. दुकानदार खोटं बोलला नव्हता म्हणा. रुपयाच्या नाण्याएवढा होता तोवर एंजल शांतच होता. एंजल मित्राच्या मोठ्या टाकीत गेले. हिशेब सहावर थांबला.

सकरबद्दल थोडक्यात सांगतो. काच साफ करायला म्हणून आणला आणि पुढे त्याची घाण मी साफ करत राहिलो. तो फूटभर वाढतो हे मला घरी आल्यावर कळलं.

गप्पी मात्र ओळखीचा. डासांच्या अळ्या खातो म्हणून नगरपालिका ज्याला टाक्यांत सोडायला सांगते, तोच. त्रिनिदादच्या रॉबर्ट गप्पी यांनी लंडनला नमुने पाठवले, म्हणून १८६६ साली त्याला त्यांचं नाव मिळालं. मराठीत येईपर्यंत ते असं झालं, की मासा गप्प बसतो की गप्पा मारतो याचा पत्ता लागू नये. मादी ठेवली तर महिन्या-महिन्याला बारसं, म्हणून मी तीन नरच ठेवले. ते दिवसभर एकमेकांसमोर शेपट्या फुलवून मिरवतात. बघणारी कोणी नाही, पण रियाज चुकत नाही.

खरी वर्दळ आणली ती झेब्रा डॅनिओंनी. हा आपल्याकडचाच, गंगेच्या खोऱ्यातला. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली नोंदवलेला. आधी दोनच आणले होते, तर एकाने दुसऱ्याला हीटरमागे कोंडून ठेवलं. सहा केले आणि गुंडगिरीची शिवणापाणी झाली. राज्य कोणावर आहे ते मला अजून कळलेलं नाही. एकदा एक जण थेट दारातल्या चपलेत सापडला (वाचला). तेव्हापासून टाकीला झाकण आहे.

तळाला चार कोरिडोरस. मिशा वाळूत खुपसून फिरताना मध्येच डोळा असा फिरवतात, की आपल्यालाच मिचकावला असं वाटावं. मग एखादा काही न सांगता सरळ वर सुटतो, हवेचा घोट घेतो आणि खाली येऊन पुन्हा वाळू हुंगायला लागतो. पहिल्यांदा मी घाबरलो होतो. पण त्याला आतड्यातूनही श्वास घेता येतो. बिचारे डॅनिओ मात्र दर वेळी दचकून पांगतात.

रात्री दिवा मालवला की निऑनची रेघही विझते. सकाळी साडेसहाला बाबा दिवा लावतात तेव्हा ते धुऊन विटलेल्या कपड्यासारखे दिसतात. चहा निम्मा होईपर्यंत निळं परत येतं. मग बाबा काचेपासून वीतभर लांब बोट धरून मोजतात.

"सहा." एक घोट. "डॅनिओ पाचच दिसतायत. चपला बघ रे."

मी उठतो आणि चपला झटकून बघतो.