बाराशे कॅलरींचा कागद

आपल्याकडे माणसाचं वजन काट्याच्या आधी नातेवाईक सांगतात. चपला काढायच्या आत ‘अगं, किती वाळलीस!’ नाहीतर ‘तब्येत चांगलीच सुधारली की!’ यातलं दुसरं वाक्य कौतुकाचं नसतं, हे मराठी माणसाला पाळण्यातच कळतं. तीच मावशी मग पंगतीत ‘लाजू नकोस’ म्हणत पुरणपोळीवर तुपाची धार सोडते. टीका आणि आग्रह ही दोन खाती खरं तर वेगळ्या मंत्र्यांकडे हवीत.

या कात्रीत सापडलेली बाई डाएट करते. मीही केलं. कोमट पाण्यात लिंबू-मध, दुधीचा रस, आणि ओट्सचा उपमा, जो खाताना खऱ्या उपम्याची फार आठवण येते. भात बंद होता तेव्हा मला झोपेतही इंद्रायणीचा वास यायचा. सगळा निग्रह सुटायचा तो रात्री, फ्रीजच्या उजेडात, उभ्याउभ्या, श्रीखंडाच्या डब्यातच चमचा घालून. वाटीत वाढून घेतलं असतं तर ते खाल्ल्यासारखं झालं असतं ना!

आपल्यालाच मेला संयम नाही, असं वाटायचं. मग अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातला एक प्रयोग वाचनात आला. युद्धाने उपाशी पडलेल्या लोकांना पुन्हा पूर्वीच्या तब्येतीवर कसं आणायचं, हे शोधण्यासाठी अॅन्सेल कीज या संशोधकाने १९४४-४५मध्ये ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. लढायला तत्त्वाने नकार दिलेली, स्वखुशीने आलेली ही मुलं. बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी, सगळं मिळून दिवसाला सुमारे १,५७० कॅलरी. थोड्याच दिवसांत त्यांना दुसरं काही सुचेना. ती पाककृतींची पुस्तकं वाचू लागली, ताटल्या चाटू लागली, एकेक जेवण चिवडत तासन्‌तास बसू लागली. काहींनी तर पुढे आचारी व्हायचं ठरवलं. आणि पोटभर मिळायला लागल्यावरही कित्येकांची भूक भागेना.

माझ्या डाएटच्या कागदावर १,२०० लिहिलं होतं. ते पुरुष होते, आठवड्याला पस्तीस किलोमीटर चालत होते, हे मान्य. पण मी तरी कुठे बसून असते?

गंमत म्हणजे उंची-वजनावरून जाडी ठरवणाऱ्या बीएमआयला ते नाव १९७२मध्ये दिलं याच कीजने. सूत्र मात्र एकोणिसाव्या शतकातल्या आडोल्फ केटले या बेल्जियन खगोलशास्त्रज्ञाचं. त्याला ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता, कुणाची कंबर मोजायची नव्हती. म्हणजे आमच्या जाडीतही ग्रहताऱ्यांचा हात आहेच म्हणायचा.

तर, कागद मी तेलाच्या बरणीखाली घातला. (डॉक्टरांनी मधुमेहासाठी सांगितलेलं पथ्य वेगळं, ते मुकाट्याने पाळावं. माझं भांडण या कागदाशी.) श्रीखंड दिवसाउजेडी, टेबलावर, वाटीत घेऊन खायला लागले. सुरुवातीला रोज, आणि बऱ्यापैकी. घरात कुणी बोललं नाही, पण डबा कितीचा आणायचा हे दोनदा विचारलं गेलं. मग एका दुपारी वाटीत अर्धं उरलं. ‘टाकवत नाही’ म्हणून संपवायच्या ऐवजी झाकून ठेवलं. साखर जरा जास्तच आहे, हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा जिभेला कळलं. उभ्याने गिळताना चव बघायला सवड कुठे होती! भाताचंही तेच. गरम भात, साधं वरण, तूप, वर लिंबू. दोनदा घेतला आणि तिसऱ्यांदा नको झाला. कुणी नको म्हटलेलं नसताना.

वजन उतरलं का, असं मैत्रिणी दबक्या आवाजात विचारतात. काटा माळ्यावर आहे, त्यामुळे आकडा त्यालाच ठाऊक. पण ‘बारीक झाल्यावर होतील’ म्हणून कपाटात वर्षानुवर्षं घडी करून ठेवलेले ब्लाउज दंडात चढेनात, एवढं नक्की. त्यांतला एक जांभळा, पैठणीवरचा, घेऊन कोपऱ्यावरच्या टेलरमास्तरांकडे गेले. बारीक होण्याच्या माझ्या बेतांची सगळी हकीकत ओठांवर आली होती. मास्तरांनी ती ऐकायच्या आधीच ब्लाउज उलटा केला, शिवणीत बोट घातलं.

“माया भरपूर ठेवलीय, ताई. उसवून देतो. असे अजून किती आहेत घरी?”

“सहा-सात असतील.”

“मग सगळेच आणा. एकेकासाठी मशीन कुठे रिकामं करू?”