कचरा टिकला पाहिजे!

सप्टेंबरचा तिसरा शनिवार म्हणजे आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता दिन. १९८६ साली टेक्सासच्या किनाऱ्यावर सुरू झालेली ही प्रथा मुंबईत आता गणपतीइतक्याच उत्साहात साजरी होते. पण या चळवळीपुढच्या खऱ्या संकटावर कुणी बोलत नाही. उद्या कचराच संपला तर?

घाबरू नका. पुरवठा भक्कम आहे. मिठी, ओशिवरा, पोयसर, दहिसर या नद्या आणि शहरभरचे नाले माल पोचवण्यात एक दिवसाचीही सुट्टी घेत नाहीत. पावसाळ्यात उधाणाची भरती आली की समुद्र तोच माल ‘साभार परत’ म्हणून मरीन ड्राइव्हच्या रस्त्यावर आणून टाकतो. दिलेलं इतक्या इमानाने परत करणारं या शहरात दुसरं कुणी नाही. बिल्डरकडे पैसे अडकलेल्यांना विचारून बघा.

खरी अडचण असते ती नियोजनाची. साहेब साडेसातला यायचे, ते साडेनऊला येतात. तोवर कॉलेजच्या पोरांनी निम्मा किनारा झाडून काढलेला असतो. मग साहेबांनी उचलायचं काय? म्हणून मुरलेले आयोजक फ्लेक्ससमोरची दहा फूट जागा राखून ठेवतात. तिथला कचरा कोरडा, बिनवासाचा आणि फोटोत उठून दिसणारा असतो. साहेब वाकून एक बाटली उचलतात. फोटो हलला तर तीच बाटली पुन्हा खाली ठेवून पुन्हा उचलतात. प्लास्टिकचा पुनर्वापर म्हणतात तो हाच.

प्रायोजकांचं योगदानही विसरून चालणार नाही. स्वयंसेवकाच्या टी-शर्टवर जे नाव, तेच त्याने वाळूतून उपसलेल्या वेफर्सच्या पाकिटावर. २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांनी वेष्टनांची जबाबदारी ती विकणाऱ्यांवर टाकली होती. ती सरकत सरकत आता अकरावीतल्या एनएसएसच्या पोरांच्या हातमोज्यांत येऊन पोचली आहे. त्या बदल्यात पोरांना प्रमाणपत्र मिळतं, वडापाव मिळतो आणि बाटलीबंद पाणी मिळतं. म्हणजे पुढच्या मोहिमेचीही सोय झाली.

बंदीचं काय, असं कुणी विचारेल. राज्याने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आणली, पहिल्या गुन्ह्याला पाच हजारांचा दंड ठेवला. केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायचे चमचे, स्ट्रॉ, पेले बंद केले. परिणाम झाला, नाही असं नाही. पिशवी पूर्वी गाडीवर टांगलेली असायची, ती आता गाडीखाली असते. मागितली की मिळते.

धोका आहे तो वर्सोव्यासारख्या प्रकारांचा. तिथे अफरोज शाह या वकिलाने २०१५ मध्ये कचरा उचलायला सुरुवात केली आणि एक फोटो काढून घरी जाण्याऐवजी तो गृहस्थ दर शनिवार-रविवारी येतच राहिला. लोक जोडले गेले. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्याचा गौरव केला. मार्च २०१८ मध्ये तर त्या वाळूतून ऑलिव्ह रिडली कासवाची पिल्लं निघून समुद्राकडे गेली. आधी अंडी घालायला आलेल्या कासविणीला कुणी निमंत्रणपत्रिकाही धाडली नव्हती. पुढे ही मंडळी मिठीच्या काठावर जाऊन तिथला कचरा काढू लागली. हा तर सरळ पुरवठ्यावरच घाला झाला!

आपले कोळी बांधवही यात मागे नाहीत. जाळ्यात आलेली मासळी निवडताना प्लास्टिक वेगळं काढणं हे त्यांचं नेहमीचंच काम. त्यांना टी-शर्ट कुणी देत नाही. रोज करतो तो कार्यक्रम कसला?

तेव्हा स्वयंसेवक मित्रहो, किनाऱ्यावर जरूर जा. तुमच्या कष्टांची चेष्टा करण्याची या सदराची प्राज्ञा नाही. फक्त पावसाआधी एकदा आपल्या वॉर्डातल्या नाल्यापाशीही जा. त्याच्या तोंडाशी कचरा अडवणारी जाळी आहे का, असली तर ती साफ कोण करतं, हे नगरसेवकाला लेखी विचारा. आणि हे जमणार नसेल, तर पुढच्या वर्षीच्या टी-शर्टांची ऑर्डर आजच देऊन ठेवा. घाऊक घेतले की स्वस्त पडतात.