पुलाव सरकारचा, अंडं गावाचं

नोव्हेंबर 2023 मध्ये ठरलं, शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं. न खाणाऱ्याला केळं. फोटोबिटो झाले. जानेवारी 2025 मध्ये नवा जीआर आला. अंडा पुलाव, तांदळाची खीर, नाचणीचं सत्त्व आता ऐच्छिक. हौस असेल तर अंडी आणि साखर लोकसहभागातून उभी करा! मास्तरांनी आता पाढे घ्यायचे की वर्गणीचं पावतीपुस्तक?

आता आमच्या किनाऱ्यावर या. थळ-वरसोलीला जवळा, म्हणजे कोळंबीसारखी बारीक मासळी, वाळत घातलेला असतो. कोळणी भर उन्हात वाकून तो खालीवर करतात, वाळू, कचरा निवडून काढतात. चांगला माल अलिबागच्या बाजारात, हलका कोंबडीखाद्याला. म्हणजे मासळी खाऊन कोंबडीने अंडं घालायचं आणि ते विकत घेऊन कोळणीनेच शाळेला दान करायचं. कवचासकट खाल्ला जाणारा, कॅल्शियमने भरलेला जवळा सरळ पोराच्या ताटात का वाढू नये? वास येतो म्हणे. एप्रिल 2025 मध्ये राज्याने मासेमारीला शेतीसमकक्ष दर्जा दिला. दर्जा मिळाला, ताट नाही मिळालं.

शेतीचीही तीच गत. भात कापला की त्याच ओलाव्यावर आमच्याकडे वाल येतो. पाणी नको, फार खर्च नको, वर जमीन सुधारते. शनिवार-रविवारी येणारे पाहुणे त्याची पोपटी खाऊन धन्य होतात. पोषण आहारात मात्र सोयाबीन आणि हरभरा. डोंगराकडच्या वाड्यांवरची नाचणी आणखी अभागी. शंभर ग्रॅममागे तिच्यात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, पांढऱ्या तांदळात दहासुद्धा नाही. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं. दिंड्या निघाल्या, पाककृतींच्या स्पर्धा झाल्या, वर्ष संपलं. सत्त्व ऐच्छिक झालं.

त्याऐवजी काय केलं? तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 मिसळून कारखान्यात दाणे पाडले आणि शंभरात एक या हिशोबाने सरकारी तांदळात घातले. तेही करा, हरकत नाही. पण हे इतकं न सांगता केलं की बायका ते दाणे प्लास्टिकचे समजून निवडून टाकतात. त्यांना अडाणी म्हणू नका. रेशनच्या तांदळात आजवर काय काय निघालंय ते त्यांनाच ठाऊक.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत रस्ता-गटाराचं झालं की एक प्रश्न टाका. आमच्या शाळेच्या पातेल्यात आमचा वाल, आमची नाचणी आणि खाणाऱ्यांसाठी आमचा जवळा का नाही? अंड्याचे पैसे कोण देणार, हेही विचारा. ठराव लिहून घ्या आणि जिल्हा परिषदेकडून उत्तर लेखी मागा.