आपला टांगा कसा आहे?

दर रविवारी आमच्याकडे सकाळ आणि मिरजेत संध्याकाळ असताना आईचा फोन येतो. पाऊसपाणी, गुडघे आणि शेजारच्यांचं भाडेकरूशी चाललेलं भांडण एवढं झालं की ती विचारते, "आणि आपला टांगा कसा आहे रे?" मी म्हणतो, "बरा आहे." टांगा मी 2017 साली विकला.

टांगा म्हणजे 1992 सालची लाल मियाटा. माझदाची, दोन माणसांची, उघड्या टपाची. न्यू जर्सीत, एडिसनला, मी ती 2010 साली घेतली तेव्हा ती अठरा वर्षांची होती, म्हणजे कायद्याने सज्ञान. मी छत्तीस वर्षांचा होतो आणि सज्ञान असल्याचा पुरावा माझ्याकडे तेव्हाही नव्हता. पूजा रीतसर केली. चाकाखाली लिंबू ठेवलं, बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढलं. लालावर लाल काढल्यामुळे ते फक्त देवाला दिसलं असेल.

या गाडीचा जन्मच मुळी गमतीचा. बॉब हॉल नावाचा मोटारींवर लिहिणारा एक अमेरिकन पत्रकार जपानी मंडळींच्या मागे लागला होता की, इंग्रज लोक करायचे तसली हलकी, उघडी, साधी गाडी आता कोणी करत नाही, तर तुम्ही करा. त्यांनी केली आणि 1989 मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात मांडली. पत्रकाराचं ऐकून कोणी काही चांगलं केल्याचं माझ्या माहितीतलं हे एकमेव उदाहरण. वजन हजार किलोच्या आत, इंजिन 1.6 लिटरचं, घोडे 116. आज आमच्या दारात जी मिनीव्हॅन उभी आहे तिच्यात याच्या दुपटीहून जास्त घोडे आहेत, पण ते सगळे सरकारी नोकरीत असल्यासारखे वागतात.

मियाटाचे दिवे बॉनेटच्या आत झोपलेले असत. बटण दाबलं की बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येत. एकदा मागेपुढे करताना मी कचऱ्याच्या डब्याला धडक दिली आणि तेव्हापासून उजवा डोळा डाव्यापेक्षा क्षणभर उशिरा उघडू लागला. त्यामुळे संध्याकाळी दिवे लावले की समोरच्याला गाडी डोळा मारते आहे असं वाटे. ओक ट्री रोडवर यावरून एका काकूंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी विसरलेलो नाही. दुरुस्ती मी मुद्दामच केली नाही.

टप हाताने उघडायचा. मागची काच प्लास्टिकची, तिला जीन्सला असते तशी चेन. आधी चेन उघडायची, मग दोन खटके, मग टप मागे लोटायचा. बसल्या जागेवरून, एका हाताने. नोव्हेंबरात मी टप उघडून, पायावर हीटर सोडून आणि डोक्याला माकडटोपी घालून हिंडत असे. पुण्यात शिकलेल्या माणसाला थंडी आणि माकडटोपी यांचं नातं समजावून सांगावं लागत नाही, अमेरिकनांना लागतं. डिकीत सुटं चाक आणि बॅटरी यांनीच बिऱ्हाड थाटलेलं, त्यामुळे कणकेची वीस पौंडी पिशवी शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसे. कणीक आणायला निघालो की बायको घरी थांबे. दोघी एका वेळी मावत नसत.

2014 साली आई आली. ब्रिजवॉटरच्या बालाजीला जायचं होतं आणि मोठी गाडी बायको घेऊन गेलेली. मी बिचकत टांग्याचं दार उघडलं. (तोवर ती मियाटाच होती.) तिने एकदा आत पाहिलं, पदर कमरेला खोचला आणि सरळ बसली. मला आश्चर्य वाटलं, पण त्यात काही नव्हतं. ती सीट पाटाइतकी खाली आणि आईचा जन्म पाटावर बसण्यात गेलेला. उतरताना मात्र मला आणि देवळातल्या एका स्वयंसेवकाला मिळून तिला विहिरीतून काढावं तसं वर ओढावं लागलं.

जाताना 287 हायवेवर शेजारून अठरा चाकी ट्रक चालला होता. त्याच्या चाकाचा मधला भाग आईच्या बरोबर डोळ्यांसमोर फिरत होता. मला वाटलं, आता रामरक्षा सुरू होणार. ती त्या चाकाकडे मान वळवून नीट बघत राहिली आणि मोठ्याने, वाऱ्यावर ओरडून म्हणाली, "मिरज स्टेशनावरनं टांग्यात बसलं की अस्संच वाटायचं बघ! घोडा तेवढा दिसत नाही!" परत येताना मांडीवर लाडवाचा द्रोण, एक हात दाराबाहेर, केस विस्कटलेले. मी तिला आयुष्यात विस्कटलेल्या केसांनी बघितलेलं नव्हतं. घरी आल्यावर आधी फणी मागितली आणि मग म्हणाली, "उद्या परत जाऊ. देव काही पळून जात नाही, पण जाऊ."

तर असली गाडी मी विकली. का?

मुलगी होणार होती, हे मी सगळ्यांना सांगितलेलं कारण. ऐकायला भारदस्त आहे. पण घरात चार दारांची गाडी होतीच, आणि नव्या जिवाने मियाटावर हरकत घेतली असण्याचा संभव नव्हता. खरं असं आहे की मंडळाच्या गणपतीत आरतीच्या रांगेत एकाने विचारलं, "आता काय, दोन सीटची गाडी काढणार ना?" मी सहज म्हटलं, "हो, काढायचा विचार आहे." त्यावर आजूबाजूच्या सहा जणांनी माना डोलावल्या. एका ज्येष्ठांनी तर पाठीवर थाप मारली. शाळेपासून मला शहाणा असं कोणी म्हटलेलं नव्हतं. ती थाप मला साडेचार हजार डॉलरना पडली.

2016 च्या एप्रिलमध्ये हिरोशिमाला दहा लाखावी मियाटा तयार झाली. पुढच्या वर्षी मी माझ्याकडची एक कमी केली. घोडा आणि स्वार एकच वाटले पाहिजेत, असा या गाडीमागचा जपानी विचार सांगतात. घोड्याची काही तक्रार नव्हती. स्वारालाच अक्कल सुचली.

घेणारा निवृत्त शिक्षक होता. टॉर्च घेऊन आला, गाडीखाली झोपला, दाराखालच्या पत्र्याला लोहचुंबक लावून पाहिलं. मुलगी बघायला आलेल्या मंडळींमध्ये इतकी शिस्त मी पाहिलेली नाही. टायटलच्या मागे मी सही केली. न्यू जर्सीत नंबरप्लेटा विकणाऱ्याने काढून घ्यायच्या असतात. मागचे स्क्रू गंजून बसलेले, तर बायकोने आतून पॅराशूटची बाटली आणून दिली. खोबरेल तेल सोडून, दहा मिनिटं थांबून, मी माझ्याच हाताने ते स्क्रू पिळले. संध्याकाळ झाली होती. त्याने दिवे लावले. डावा उघडला, मग उजवा.

कोपऱ्यावरून गाडी वळल्यावर मी म्हणालो, "तुझ्यासाठी एवढं केलं बघ."

बायको म्हणाली, "मी कुठे म्हटलं होतं विक म्हणून? मला तर शिकायची होती."

त्यानंतर मी काही काळ फार कर्तव्यदक्ष राहिलो. मिनीव्हॅन घेतली. तिचं दार बटणाने सरकतं आणि सरकताना रुग्णालयातल्यासारखं टिंगटिंग वाजतं. तिच्यात बसल्यावर ट्रकचं चाक दिसत नाही. ट्रकवालाच दिसतो, आणि तोही माझ्यासारखाच कंटाळलेला असतो. मध्यंतरी माझ्या टांग्याच्या वयाची, त्याच रंगाची एक मियाटा विकायला निघालेली पाहिली. किंमत मी घेतली होती त्याच्या तिप्पट. माझ्या पाठीवर थाप मारणारे ज्येष्ठ हल्ली स्वतः एक उघडी गाडी बाळगून आहेत, हेही इथे नोंदवून ठेवतो.

आईला सांगायचं राहूनच गेलं. गुडघ्यांमुळे तिचं येणं बंद झालं, आम्हीच मिरजेला जात राहिलो, आणि टांगा रविवारच्या फोनवर बरा राहिला. आता तिचे दोन्ही गुडघे बदलून झालेत. गेल्या रविवारी म्हणाली, "या खेपेला उतरताना कोणाचा हात लागणार नाही बघ."

म्हणून वाचकांना विनंती. न्यू जर्सी किंवा आसपास कुठे 1992 ची लाल मियाटा दिसली, आणि दिवे लावताना तिचा उजवा डोळा मागाहून उघडला, तर मालकाला थांबवून माझा निरोप द्या. म्हणेल ती किंमत देईन, घासाघीस करणार नाही. फक्त उजव्या दिव्याला हात लावू नका म्हणावं. आई मे महिन्यात येते आहे.